फुलीच्या जागी सही

कर्जाचे दस्तऐवज तयार होतात, तेव्हा जिथे जिथे सही हवी तिथे बँकेतील कर्मचारी पेन्सिलीने लहानशी फुली मारून ठेवतो. कर्ज व्यापारी पेढीचे असेल, तर जामीनदार म्हणून पुष्कळदा घरातील स्त्रीला बोलावले जाते. राहते घर किंवा दुकानाचा गाळा तिच्या नावे असतो. ती येते, एकेका फुलीपाशी सही करीत जाते, चहा घेते आणि स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून परत फिरते. वीस-पंचवीस सह्यांच्या या कार्यक्रमात मजकुराचे एक वाक्यही वाचले जात नाही. मजकूर इंग्रजीत असतो.

त्या मजकुरात एक शब्दप्रयोग हमखास येतो : 'जॉइंटली अँड सेव्हरली'. शाळेत 'सेव्हरल' म्हणजे 'अनेक' एवढेच शिकवलेले असते. येथे मात्र 'सेव्हरली'चा अर्थ 'प्रत्येकजण स्वतंत्रपणे' असा आहे. जामीनदार तीन असले, तरी बँक सगळी थकबाकी त्यांपैकी एकाच व्यक्तीकडे मागू शकते, हा त्या एका शब्दाचा भार. करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, असे भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम १२८ सांगते. 'शॅल' आणि 'मे' ही जोडीही तशीच. 'शॅल' आले की ते बंधन. 'मे' आले की ज्याच्याविषयी ते लिहिले आहे त्याची मर्जी, आणि बँकेच्या कागदात ती बहुधा बँकेचीच असते.

या बाबतीत थोडा दिलासा मिळाला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जे आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची मुदत कर्जे यांच्यासाठी कर्जाच्या मुख्य बाबींचे विवरणपत्र कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ते मराठीतून अवश्य मागावे. पण जामीनपत्र हा वेगळा दस्तऐवज, आणि तो सहसा इंग्रजीतच असतो.

बार्शी, जालना, लातूर अशा कोणत्याही बाजारपेठेतील आपल्या समाजाच्या घरांत हे दृश्य निराळ्या रूपातही दिसते. मुले इंग्रजी माध्यमात जातात. शाळेच्या डायरीतील सूचना आईला वाचता येत नाही. मुलगा ती वाचून दाखवतो आणि अडचणीचा भाग सोयीस्करपणे गाळतो. आठ-दहा वर्षांचे पोर आईला 'तुला नाही कळणार' असे म्हणू लागते, त्या दिवशी घरात काहीतरी बदललेले असते.

अशा गृहिणीला भाषा येत नाहीत असे मात्र मुळीच नाही. घरात मारवाडी किंवा गुजराती, बाजारात मराठी, नातेवाइकांत हिंदी. शिवाय प्रतिक्रमणाची प्राकृत सूत्रे आणि संस्कृत भक्तामर स्तोत्र तिला मुखोद्गत असते. ते ती पुस्तकातून शिकलेली नसते. पाठशाळेत किंवा आजीजवळ बसून आधी कानाने ऐकले, मागोमाग म्हटले, चुकले तिथे कोणी थांबवले, अर्थ नंतर उलगडला. परकी भाषा शिकण्याची ही पद्धत तिच्या अंगवळणी पडलेली आहे; इंग्रजीच्या बाबतीत मात्र तिच्या हाती व्याकरणाचे पुस्तक देऊन ती मोडली जाते.

आंतरजालावरील चांगले साहित्य नेमके येथे उपयोगी पडते, कारण ते कानाला धरून आहे. बीबीसी लर्निंग इंग्लिश या विनामूल्य संकेतस्थळावर 'सिक्स मिनिट इंग्लिश' नावाची मालिका आहे. दोन निवेदक एखाद्या विषयावर सुमारे सहा मिनिटे बोलतात, आरंभी एक प्रश्न टाकतात, शेवटी त्याचे उत्तर देतात आणि निवडक शब्दांची उजळणी करतात. संपूर्ण संभाषण लिखित स्वरूपातही मिळते. व्यापारी घरांना त्याहून जवळची वाटेल ती 'इंग्लिश ॲट वर्क' ही मालिका. ॲना नावाची तरुणी लंडनमधील 'टिप टॉप ट्रेडिंग' या काल्पनिक कंपनीत नोकरीला लागते आणि फोन कसा घ्यावा, नाराज ग्राहकाशी कसे बोलावे, सौदा कसा करावा, हे भागाभागांतून शिकत जाते. कंपनीचा माल म्हणजे नकली फळे. आठम-चौदसला हिरवी भाजी वर्ज्य करणाऱ्या घरातही त्या फळांना कोणाची हरकत असू नये.

अगदी प्रारंभापासून सुरुवात करणाऱ्यासाठी अमेरिकेतील एक प्रयोग महत्त्वाचा ठरला. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ मध्ये 'स्पेशल इंग्लिश' सुरू केले. सुमारे १५०० शब्दांची मर्यादा, आखूड वाक्ये, वाक्यात एकच कल्पना, आणि वाचन नेहमीपेक्षा बरेच संथ. मर्यादा घालून घेतल्यामुळेच जगभरातील लाखो श्रोत्यांना ते पेलले. पुढे ते 'लर्निंग इंग्लिश' या नावाने आंतरजालावर आले. मात्र मार्च २०२५ मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले आणि काम जवळजवळ ठप्प झाले. एकाच घाऊक विक्रेत्यावर दुकान चालवू नये हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. फुकटच्या मालाच्या बाबतीतही तोच विचार करावा. आवडलेले पाठ वेळीच उतरवून घ्यावेत, आणि लिखित भाग छापून वहीला जोडावा.

अडचण साहित्याच्या टंचाईची नाही, सुकाळाची आहे. एक चित्रफीत संपण्याआधी दुसरी पुढे येऊन उभी राहते. तासभर फोन पाहून झाल्यावर शिकल्याचे समाधान वाटते आणि दुसऱ्या दिवशी एक वाक्य तोंडातून निघत नाही. यावर उपाय घरातच आहे. सामायिकात इंग्रजी शिकावी असे कोणीही म्हणणार नाही. परंतु अठ्ठेचाळीस मिनिटे एका आसनावर बसण्याचा नियम जिथे पाळला जातो, तिथे वेगळ्या वेळी अर्धा तास एका पाठाला देणे कठीण नसावे. सहा मिनिटांचा एकच पाठ घ्यावा. प्रथम डोळे मिटून ऐकावा. मग लिखित संभाषण समोर ठेवून, गरज वाटल्यास गती थोडी कमी करून. नंतर एकेक वाक्य थांबवून मोठ्याने म्हणावे. राहिलेल्या वेळात चार वाक्ये ऐकून वहीत उतरवावीत आणि ताडून पाहावीत. आठवडाभर तोच पाठ चालला तरी बिघडत नाही.

ताडून पाहायला मात्र माणूस लागतो. फोन उच्चार ऐकवतो, पण 'द' आणि 'अ' कुठे गळले ते ऐकून थांबवत नाही. मराठीत ही उपपदे नाहीत, म्हणून ती हटकून गळतात. इथे मुलाला किंवा मुलीला गुरू करावे. दहा वर्षांची मुलगी आईची वही तपासते, लाल खूण करते, तेव्हा तिच्या बोलण्यातील 'तुला नाही कळणार' हळूहळू मावळते. एक अट घालावी : आई चुकली तर हसायचे नाही. हे पुष्कळ घरांत ठरवून सांगावे लागते, वडिलांनाही.

इंग्रजीबरोबर परके वळण घरात येईल, ही ज्येष्ठांची शंका जुनी आहे. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य आत्मारामजी महाराजांना आले होते. साधुजीवनाच्या मर्यादेमुळे त्यांना समुद्रपार जाता येत नव्हते, म्हणून महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी यांना त्यांनी तयार करून पाठविले. वीरचंदभाईंनी जैन दर्शन तेथे इंग्रजीतूनच मांडले.

अर्थात बँकेचा कागद परिषदेच्या व्यासपीठाइतका उदात्त नाही, पण सराव त्याच्यावरच करावा. सहीच्या आठवडाभर आधी जामीनपत्राचा मसुदा मागून घ्यावा. रोज एक कलम मोठ्याने वाचावे आणि अडलेला शब्द शिकणाऱ्यांसाठीच्या केंब्रिज किंवा ऑक्सफर्ड कोशात पाहावा. ते आंतरजालावर विनामूल्य आहेत, उच्चारही ऐकवतात. सबंध परिच्छेद भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून मिळालेल्या मराठीवर विसंबू नये. 'सेव्हरली'सारखा शब्द तिथे निसटला तर कळणारही नाही. न उलगडलेले शब्द कागदावर लिहून बँकेत न्यावेत आणि सहीपूर्वी विचारावेत. बहुतेक अधिकारी समजावून सांगतात. क्वचित एखादा घड्याळाकडे पाहतो. तेव्हा कागद पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी यावे. एका दिवसाने मंजुरी रद्द होत नाही.