पैसे देऊनही न छापलेली जाहिरात

चाळीसगाव जंक्शनवर उतरून धुळ्याकडे जाणाऱ्या माणसाला हे स्टेशन म्हणजे खोळंबण्याची जागा. गाडी लागेपर्यंत चहा घ्यायचा, पेपर उलटापालटा करायचा आणि घड्याळाकडे बघत बसायचे. मीही आयुष्यभर तेच करत आलो. पेपरात काय आले आहे यावर मी पुष्कळदा चिडलो असेन. पण त्यात काय आलेले नाही, हा प्रश्न पडायला मला उशीर लागला, आणि तो पडला तो याच स्टेशनावरच्या एका जुन्या हकिकतीमुळे.

१९२९ चा ऑक्टोबर महिना. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला एक समिती नेमली होती. खान्देशच्या दोन जिल्ह्यांचे काम डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि आणखी एका सभासदाकडे आले. ते संपवून बाबासाहेब मुंबईला निघाले. वाटेत चाळीसगावला उतरून ते धुळ्याच्या फाट्यावरच्या एका गावी गेले, कारण तिथे अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता. परत आले तेव्हा चाळीसगावची मंडळी हार घेऊन उभी होती. रात्री आमच्याकडेच राहा, असा त्यांचा आग्रह होता. वस्ती नदीपलीकडे. बाबासाहेबांना वाटले, चालत जाऊ. पण कोणी हलेना. तासाभराने एक टांगा आला.

टांग्यात हाकणारा आणि बाबासाहेब, दोघेच. बाकीची मंडळी जवळच्या वाटेने पायी पुढे गेली. दोनशे पावले जातात न जातात तोच टांगा मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरची फरशी लागली. आपल्याकडच्या फरशा कशा असतात ते सांगायला नको. कठडा नाही, नुसते कडेला अंतराअंतरावर दगड. वळणावर घोडा उधळला, चाक दगडावर आपटले, बाबासाहेब फेकले गेले ते फरशीवर, आणि टांगा घोड्यासकट नदीत. पायाचे हाड मोडले, बरेच दिवस अंथरुणात गेले.

खरे कारण त्यांना नंतर कळले. स्टेशनावर टांगे भरपूर होते, पण अस्पृश्याला घेऊन टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. शेवटी तोड निघाली ती अशी, की टांगा भाड्याने द्यायचा, हाकायचा मात्र त्यांचा त्यांनी. आपला पाहुणा पायी जाऊ नये म्हणून वस्तीतल्याच एकाने लगाम हातात धरला. त्याने जन्मात कधी टांगा हाकला नव्हता.

आता समजा, त्या दिवशी चाळीसगावात एखाद्या मोठ्या पत्राचा बातमीदार हजर आहे. तो काय लिहील? टांगा उलटून अमुक गृहस्थांस दुखापत. झाली बातमी, दोन ओळींची, आणि तीत खोटे काहीच नाही. पण स्टेशनावरचा तो एक तास, टांगेवाल्यांचा नकार, वस्तीतल्या माणसांची ती केविलवाणी प्रतिष्ठा, हे त्या दोन ओळींत कुठे बसणार? अपघात ही बातमी असते. अपघातामागचा रिवाज ही बातमी नसते, कारण तो रोजचाच असतो, आणि पत्राच्या वाचकाला तो टोचत नसतो. बाबासाहेबांनी ही हकिकत पुढे स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ती पुस्तिका छापून निघाली १९९० मध्ये, म्हणजे अपघातानंतर साठ वर्षांनी.

मोठी पत्रे आपले छापत नाहीत, ही त्यांची तक्रार त्याच्याही आधीची. १६ जानेवारी १९१९ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांचे एक पत्र आले होते, पण नाव न घालता, ‘एक महार’ एवढ्याच सहीने. मग ३१ जानेवारी १९२० रोजी, शनिवारी, मुंबईत त्यांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक काढले. नवे पत्र निघाले की जुन्या पत्रांत त्याची पोच यावी, जाहिरात यावी, हा त्या धंद्यातला साधा शिष्टाचार. त्याप्रमाणे ‘केसरी’कडे जाहिरात पाठवली. फुकट छापा असे म्हणणे नव्हते, रीतसर आकार देण्याची तयारी होती. ‘केसरी’ने ती घेतली नाही. धनंजय कीर यांच्या आंबेडकर चरित्रात या प्रसंगाची नोंद आहे.

‘केसरी’ने घेतली नाही तर एवढे काय बिघडले, असे आजच्या श्रोत्याला वाटेल. नाही छापली एकाने तर दुसऱ्याकडे जावे. पण १९२० सालच्या महाराष्ट्रात ‘केसरी’ म्हणजे काय होते ते ध्यानात घ्यायला हवे. ४ जानेवारी १८८१ रोजी सुरू झालेले हे साप्ताहिक दर मंगळवारी निघे, आणि गावात एक अंक आला तरी तो पारावर दहाजणांत वाचला जाई. त्यातल्या लेखांपायी टिळकांनी १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा घेतली, मंडालेला काळ काढला. हे पत्र सरकारला भीत नव्हते, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. तेच तर दुखणे होते. भित्र्या, विकाऊ पत्राने आपल्याला वगळले तर माणूस खांदे उडवतो. ज्याच्या धैर्यावर सारा प्रांत विश्वास ठेवतो त्याने वगळले, तर आपण त्या प्रांतातच नाही असा त्याचा अर्थ होतो. आणि स्वतः टिळकांनी १९१८ मध्ये मुंबईच्या अस्पृश्यता निवारण परिषदेत अस्पृश्यतेविरुद्ध कडक भाषण केले होते. तरी त्या परिषदेतल्या प्रतिज्ञापत्रावर त्यांची सही नव्हती. बोलणे आणि सही यांच्यामधली ही जागा फार बोलकी आहे.

‘केसरी’शी ज्यांचे वाजले असे बाबासाहेब काही पहिले नव्हेत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा वेदोक्त प्रकरणात १९०१ पासून तोच अनुभव होता. ‘केसरी’ने त्या प्रकरणी महाराजांच्या विरुद्ध बाजू घेतली होती. ‘मूकनायक’ला अडीच हजार रुपये देणारे शाहू महाराजच, यात मला तरी नवल वाटत नाही. मोठ्या पत्राने घायाळ केलेल्या माणसाला दुसऱ्या पत्राची गरज लवकर कळते. त्याही आधी, १८७७ मध्ये, कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ काढले होते ते याच अडचणीतून. मुकुंदराव पाटील तर नेवाशाजवळच्या तरवडीसारख्या खेड्यातून ‘दीनमित्र’ चालवत. छापखाना खेड्यात नेण्याची ही जिद्द आज कल्पनेतही येत नाही.

‘मूकनायक’च्या पहिल्या अग्रलेखात आदळआपट नाही, हे मला विशेष वाटते. मुंबई इलाख्यातली बरीच पत्रे विशिष्ट जातीचे हित पाहतात, हे सांगून झाल्यावर लेखक ‘दीनमित्र’, ‘जागरूक’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुबोध पत्रिका’ अशी नावे घेतो आणि म्हणतो, या पत्रांत आमच्या प्रश्नांची चर्चा होते, पण त्यांच्याकडे आमच्यापुरती जागा नाही. जागा! वर्तमानपत्राचा सगळा कारभार या एका शब्दात आहे. कागद मोजका, रकाने मोजके. त्यात कोण बसणार हे ठरवतो संपादक, आणि संपादकामागे उभे असतात वर्गणीदार आणि जाहिरातदार. ज्याच्याकडे वर्गणीला पैसे नाहीत आणि विकायला माल नाही, त्याची बातमी जागेच्या हिशेबात मागे पडत जाते. त्यासाठी कोणी मुद्दाम वैर धरावे लागत नाही.

आणि हाच हिशेब पुढे त्यांच्या स्वतःच्या पत्रांनाही भोवला. १९२० मध्येच बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले आणि ‘मूकनायक’ काही वर्षांत थांबले. ३ एप्रिल १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर पंधराच दिवसांत, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. महाडवरून तोंडसुख घेणाऱ्या पुण्याच्या ‘भाला’ पत्राला त्यातून सडेतोड उत्तरे गेली. पण चोवीस चोवीस रकाने एकट्याने लिहून काढायचे, वर वकिली, वर चळवळ. ज्यांच्यासाठी पत्र, त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. वाचता येणाऱ्यांकडे वर्गणी नव्हती. १५ नोव्हेंबर १९२९ रोजी ‘बहिष्कृत भारत’ बंद पडले. चाळीसगावच्या फरशीवरून पडल्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. १९३० मध्ये ‘जनता’ आले, १९५६ मध्ये त्याचे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात रानडे जयंतीच्या व्याख्यानात ते या विषयावर पुन्हा बोलले. पत्रकारिता पूर्वी पेशा होती, आता व्यापार झाली आहे, आणि साबण बनवण्याइतकीच नैतिक जबाबदारी ती मानते, असा त्यांचा सूर होता. एका जाहिरातीच्या नकारापासून तेवीस वर्षांनी ते इथवर आले होते.

साबणाची ती उपमा मला आठवली ती २००९ मध्ये. त्या वर्षीच्या निवडणुकांत महाराष्ट्रात एक नवाच प्रकार उघडकीला आला. उमेदवाराच्या स्तुतीचा एकच मजकूर, शब्दही तेच, एकमेकांच्या स्पर्धक म्हणवणाऱ्या दैनिकांत बातमी म्हणून आलेला होता. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त हे मांडले. ‘पेड न्यूज’ हा शब्द मराठीतही रुळला तो तेव्हापासून. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरच्या मजकुराचे प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेले. चव्हाणांनी आरोप नाकारला. २०१४ च्या जुलैत आयोगाने खर्चाचा हिशेब रीतसर दिला नसल्याचा ठपका ठेवला आणि सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो विषय तिथे मिटला. त्याहून मला लागला तो प्रेस कौन्सिलचा कारभार. दोन सदस्यांच्या उपसमितीने ७१ पानी अहवाल दिला, त्यात पत्रांची नावे होती. कौन्सिलने २०१० मध्ये त्याऐवजी एक छोटा अहवाल काढला. मूळ अहवाल कौन्सिलने लोकांपुढे ठेवला तो २०११ मध्ये, केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिल्यावर. इतरांच्या भानगडी छापणाऱ्यांची भानगड छापायलाच जागा मिळत नव्हती. १९२० मध्ये पैसे देऊनही जाहिरात ही जाहिरात म्हणून छापली गेली नाही, आणि २००९ मध्ये पैसे घेऊन जाहिरात बातमी म्हणून छापली जाते आहे असे आरोप झाले. दोन्ही वेळी वाचकाला पत्ता नाही.

हे सगळे मुंबई-पुण्याचे झाले, म्हणाल. तर तालुक्याच्या पानाचे सांगतो. माझ्या आजोळच्या खेड्यात ओढ्यावर अशीच बिनकठड्याची फरशी आहे. पावसाळ्यात शाळेची पोरे तिच्यावरून जीव मुठीत धरून जातात. काही वर्षांपूर्वी तिथल्या गुरुजींनी चार ओळी लिहिल्या आणि मी त्या एका मोठ्या दैनिकाच्या वार्ताहराकडे नेऊन दिल्या. माणूस भला. चहा पाजला आणि म्हणाला, “काका, पाठवतो, पण बसेल असं नाही सांगत. पुढच्या आठवड्यात भाऊंचा वाढदिवस आहे, पानं तिकडे गेलीत.” मग त्याने मोकळेपणाने हिशेब सांगितला. मानधन महिन्याच्या पेट्रोलला पुरत नाही. खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. वाढदिवस, दिवाळी अंक, वर्धापनदिनाची पुरवणी. ज्यांच्याकडे जाहिरात मागायला जायचे, त्यांच्याच विरुद्ध बातमी कशी द्यायची? “तुम्हीच सांगा,” म्हणाला. मला काही सांगता आले नाही.

पंधरा दिवस वाट पाहून गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोणी पन्नास दिले, कोणी शंभर. तोच मजकूर, फरशीच्या फोटोसह, आम्ही जाहिरात म्हणून दिला, आणि तो छापून आला. आतल्या पानावर, एका हाताएवढ्या चौकटीत, शुभेच्छांच्या रंगीत फोटोंच्या खाली. वर बारीक अक्षरात लिहिले होते, ‘जाहिरात’. गुरुजींनी ते कात्रण शाळेच्या फळ्यावर लावले. मुले ते वाचत होती आणि एकाने विचारले, “गुरुजी, आपली फरशी विकायची आहे का?”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)