ट्रॅक्टरचा सेल्फ लागत नाही? मोटर सोडवण्याआधी बॅटरीची टोकं बघा

रब्बीच्या पेरणीला सकाळचा गारवा सुरू झाला की गावोगावी ठरलेलं दृश्य दिसतं. ट्रॅक्टर जागेवर, चावी फिरवली की नुसता ‘टक्’ आवाज आणि धक्का मारायला चार जण. पावसाळ्यात ट्रॅक्टर बरेच दिवस शेडमध्ये उभा असतो. थंडीत बॅटरीची ताकद उतरते, इंजिनातलं ऑईलही घट्ट होतं. मग पहिला संशय सेल्फवर. मोटर सोडवून तालुक्याला नेली जाते, दोन दिवस जातात, तोवर रानातला वापसा निघून जातो. पुष्कळदा बिघाड मोटरमध्ये नसतोच, तो बॅटरीच्या टोकांत नाहीतर अर्थच्या वायरीत असतो.

‘लाईट लागते, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी चांगली’ असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. एका हेडलाईटला ४-५ अँपिअर करंट पुरतो. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ २०० अँपिअरच्या आसपास, कधी त्याहून जास्त ओढतो. पाईपात गाळ साचला तर नळाला पाणी येतं, पण स्प्रिंकलर फिरत नाही, तसंच हे.

तपासणीआधी गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, पीटीओ बंद. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवावी. मग एकाला चावी फिरवायला बसवून दुसऱ्याने लाईटकडे बघावं आणि आवाज ऐकावा. ‘टक-टक-टक’ भराभर होऊन लाईट मंदावली तर बॅटरी उतरलेली किंवा जोड सैल. लाईट लख्ख, पण आवाजच नाही, तर चावीचा स्विच, फ्यूज किंवा क्लचजवळचा सेफ्टी स्विच बघावा. बऱ्याच नव्या ट्रॅक्टरना क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, आणि उंदराने कुरतडलेली बारीक वायर तर शेडमध्ये नेहमीचीच. एकच जोरदार ‘टक्’ होऊन पुढे काही नाही, लाईटही फारशी मंदावली नाही, तर सोलेनॉइडचे आतले पॉइंट जळालेले किंवा कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात. मोटर सुसाट फिरते पण इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्स गेलेला असतो. आणि सेल्फ नीट फिरवतोय, इंजिन मात्र पेटत नाही, तर डिझेल आणि एअर बघावी. तिथे सेल्फचा काही दोष नाही.

टोकांवर पांढरी-हिरवट भुकटी दिसली की अर्धं उत्तर तिथेच मिळतं. सोडवताना आधी मायनसची वायर, मग प्लसची. जोडताना उलट, मायनस शेवटी. हा क्रम पाळला नाही आणि प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी पडते. बॅटरीतून ज्वालाग्राही गॅस निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून टोकं धुवावीत, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कोरडं करून पॉलिश पेपरने घासावं, घट्ट आवळावं आणि वरून व्हॅसलीन लावावं. मायनसची वायर चेसिसला जिथे बसते तिथला नट बहुतेक जण उघडतच नाहीत. चिखल, गंज, रंग सगळं तिथेच साचतं. तो जोड चकचकीत करूनच परत बसवावा.

साधा मल्टीमीटर घरात असला तर अंदाजावर राहावं लागत नाही. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्याही खाली गेला, तर आधी बॅटरी चार्ज करून बघावी. इंजिन सुरू असताना साधारण १४ व्होल्ट यायला हवेत. ते येत नसतील तर चार्जिंगमध्येच गडबड आहे, आणि नवी बॅटरी टाकली तरी तीही उतरणार. सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावं. दाबूनच धरला तर चांगली मोटरही जळते.

आता पाना लावून ‘डायरेक्ट’ करण्याबद्दल. सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर चालू करणारे प्रत्येक गावात आहेत. हे मिस्त्री करतो म्हणून आपणही करावं असं अजिबात नाही. असं करताना क्लचचा सेफ्टी स्विच कामच करत नाही. गिअर चुकून पडलेला असला तर इंजिन पेटताक्षणी ट्रॅक्टर चालू लागतो, आणि पाना धरणारा माणूस पुढच्या-मागच्या चाकाच्या मध्येच उभा असतो. मागचं चाक अंगावरून जायला दोन सेकंदही लागत नाहीत, आणि सीटवर ब्रेक दाबायला कुणी नसतं. पेरणी एक दिवस लांबली तरी चालेल, हा जुगाड करू नये.

टोकं साफ, बॅटरी भरलेली आणि तरीही सेल्फ लागत नसेल, तेव्हाच मोटर काढावी. दुकानात ‘पूर्ण मोटर बदला’ असं सांगितलं, तर आधी ब्रश, बुश आणि सोलेनॉइड समोर उघडून दाखवायला सांगावं. अनेकदा तेवढ्यावर काम भागतं. बदललेला जुना पार्ट मागून घ्यावा.