चित्राचा भाव कसा काढायचा?

आम्ही हर्सूलच्या बचत गटातल्या बाया. पापड, शेवया, मसाला यांचा भाव आपण किलोवर सांगतो. पण कुणी म्हणालं, "आमच्या नव्या घरासाठी एक चित्र काढून द्या," तर किती सांगायचे? इथं आपली जीभ अडखळते.

आमचीही अडखळली होती. एका घरच्यांनी वारली पद्धतीचं चित्र सांगितलं. तीन फूट बाय दोन फूट, मध्ये लग्नाची वरात, खाली नवरा-नवरीची नावं. आम्ही अंदाजानं १,२०० रुपये सांगून बसलो. काम झाल्यावर वही घेऊन हिशेब मांडला. कापड, रंग, ब्रश, चौकट मिळून ४३० रुपये गेले. उरले ७७०. तास भरले ३४, त्यातले सहा तर त्यांनी सांगितलेल्या बदलांतच गेले. म्हणजे तासाला २३ रुपयेसुद्धा पडले नाहीत. गटातल्या मावशी म्हणाल्या, "त्यापेक्षा खुरपायला गेले असते तर बरं झालं असतं!" सगळ्या हसलो, पण ते मनाला लागलं.

तेव्हापासून आम्ही भाव चार गोष्टी मिळवून काढतो. पहिली, सामान. दुसरी, तास. यात गिऱ्हाइकाशी बोलणं आणि कच्चं चित्र काढणं हेही धरायचं. तिसरी, वरखर्च, म्हणजे रिक्षा, फोन, बांधणी. चौथी, गटाचा वाटा. ब्रश झिजला किंवा एखादं काम बिघडलं तर तो कामी येतो.

तेच चित्र आता कसं मांडू, बघा. आमच्या गटानं तासाला ५० रुपये ठरवलेत. बदल सोडून २८ तास, त्याचे १,४०० रुपये. सामान ४३०, वरखर्च १२०. झाले १,९५०. त्यावर गटाचा दहा टक्के वाटा १९५. एकूण २,१४५, म्हणजे २,१५० सांगायचे. तुमच्या गावातली मजुरी बघून तुमचा तासाचा दर तुम्ही ठरवा, पण ठरवा नक्की.

हे चित्र सहा चौरस फुटांचं. म्हणजे फुटाला साधारण ३६० रुपये पडले. पुढच्या गिऱ्हाइकाला फोनवर अंदाज द्यायला हा आकडा सोयीचा. पण एक फुटाचं छोटं चित्र ३६० रुपयांत देऊ नका. बोलणं, कच्चं चित्र, बांधणी यांना वेळ जवळपास तेवढाच लागतो. म्हणून कमीत कमी किती घ्यायचे तेही ठरवून ठेवा. आणि दहा माणसांची वरात वेगळी, चाळीस माणसांची वेगळी. फूट तेवढेच, पण तास वाढतात.

गिऱ्हाईक म्हणतं, "इतके? छापील चित्र तर तीनशेला मिळतं." रागवायचं नाही. सांगायचं, "दादा, छापील चित्रात तुमच्या घरची नावं नसतात." तरी परवडत नसेल तर आकार लहान करा, माणसं कमी करा. तासाचा दर मात्र कमी करू नका.

आगाऊ निम्मे पैसे घेतल्याशिवाय रंग कालवू नका. पापड एकानं नाही घेतले तर दुसरा घेतो. नाव घातलेलं चित्र दुसरं कोण घेणार? आधी कच्चं चित्र दाखवून होकार घ्या. एक छोटा बदल फुकट, पुढच्या बदलांचे तासाप्रमाणे पैसे. हे सगळं कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

त्याच कागदावर आणखी एक ओळ हवी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन चित्र काढलं आणि वेगळा करार केला नाही, तर त्या चित्राचा कॉपीराइट सांगणाऱ्याकडे जातो. मग त्याच्या प्रती छापायचा हक्क त्याचा. तो हक्क आपल्याकडे ठेवायचा असेल तर तसं लिहून घ्या. द्यायचा असेल तर त्याचेही पैसे धरा.

वारली चित्र हे मूळचं ठाणे-पालघरकडच्या वारली समाजाचं. लग्नघरात सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहीत आल्या. जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र कागदावर आणलं आणि जगभर नेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ साली वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळालं. आपण हर्सूलच्या बाया ती पद्धत शिकून काढतो, तर गिऱ्हाइकाला तसंच सांगायचं. अस्सल वारली म्हणून विकायचं नाही.

दारातली रांगोळी, भिंतीवरचं चित्र, हे बाईनं करायचंच असतं असं म्हणून त्याचे तास आजवर कुणी मोजले नाहीत. आपणही मोजले नाहीत. म्हणून पैसे सांगताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. तर पुढचं काम हाती घ्याल तेव्हा एवढं करा. रंगांच्या शेजारी वही ठेवा. बसताना वेळ लिहा, उठताना वेळ लिहा. भाव सांगताना ती वहीच तुमच्या बाजूनं बोलेल.