नांव आणि कंपनसंख्या

लहान विमानाच्या रेडिओवर जो अंक दिसतो, तीच लहरींची कंपनसंख्या, असें कोणासहि वाटेल. युरोपांत मात्र आतां तसें राहिलेलें नाहीं.

विमानांच्या संभाषणाकरितां ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा आहे. त्यांत दोन वाहिन्यांमध्यें २५ किलोहर्ट्झ अंतर असे. विमानें वाढलीं, पट्टा वाढेना. तेव्हां कुटुंब वाढल्यावर एका खोलीच्या तीन कराव्या, तसे त्या अंतराचे ८.३३ किलोहर्ट्झचे तीन भाग केले. १९९९ सालीं ही योजना उंचावरील विमानांस लागू झाली. २०१८ पासून बहुतेक लहान विमानांसहि तशीं यंत्रें घ्यावीं लागलीं.

ते अपूर्णांक उच्चारण्यास अवघड, म्हणून वाहिन्यांस सुटसुटीत नांवें दिलीं. ११८.००० आणि ११८.००५ यांची कंपनसंख्या एकच. पहिलें नांव रुंद वाहिनीचें, दुसरें अरुंद वाहिनीचें. ११८.०१० ची खरी कंपनसंख्या ११८.००८३ आहे.

येथें शेवटचा आंकडा क्षुल्लक मानूं नये. अरुंद वाहिनीऐवजीं रुंद निवडली, तर आपला आवाज शेजारच्या वाहिनींत शिरतो आणि दुसऱ्याच विमानास दिलेली सूचना त्यांत बुडून जाण्याचा संभव असतो. संकटकाळची १२१.५ ही वाहिनी मात्र पूर्ववत् रुंदच ठेवली आहे.