बाळंतविड्यातले पायमोजे

नवजात बाळाचा पायमोजा टाचेपासून बोटांपर्यंत जेमतेम नऊ सेंटीमीटर भरतो. बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची, लंगोट, दुपटी असतात; आईसाठी डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा असतात. या सगळ्यात मोजा सर्वांत लहान, आणि हाताने करायला सर्वांत नाजूक. बाकीचे कपडे कापडातून बेतून शिवता येतात. मोजा विणावाच लागतो.

सोलापुरात ‘विणणे’ म्हटले की आधी माग आठवतो. पद्मशाली विणकरांच्या पिढ्यान्‌पिढ्या मागावर गेल्या. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल देशभर गेले, चादरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. मराठीत मागावरच्या आणि सुयांवरच्या कामाला क्रियापद एकच असले तरी दोन्हींची रीत अगदी वेगळी. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात आणि धोटा त्यांच्यातून आडवा धागा नेतो. दोन्ही धागे सरळ आणि ताठ, त्यामुळे चादर धरून ओढली तरी फारशी वाढत नाही. सुयांच्या विणकामात धागा एकच. तो वळसे घेत पुढे जातो आणि प्रत्येक वळसा खालच्या वळशातून बाहेर आलेला असतो. ओढ बसली की वळसे लांबट होतात, सोडली की पुन्हा गोल होतात. मोज्याला घोट्यावर ताणून चढायचे असते आणि चढल्यावर पाय धरून ठेवायचा असतो. उत्तम चादरीचे कापड इथे उपयोगाचे नाही.

सोलापूर जिल्ह्यात मेंढ्या भरपूर. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या धनगरांची लोकर घोंगडीसाठी वापरली जाते. ही दख्खनी लोकर जाड आणि राठ. घोंगडीला चिंचोक्याची खळ दिली की ती आणखी कडक होते. पावसात आणि रानात तिच्यासारखे पांघरूण नाही, पण तान्ह्या बाळाच्या कातडीला ती सोसत नाही. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर मात्र पुष्कळ मऊ असते आणि तिला ‘जावळ’ म्हणतात. बाळाच्या पहिल्या केसांचेही तेच नाव. तरीही ही लोकर घोंगडीतच जाते. नवी पेठ, मधला मारुती या भागातल्या दुकानांत मोज्यांसाठी मिळणारी ‘लोकर’ बहुतेक लुधियानाच्या गिरण्यांतून येते, आणि तिच्यातली पुष्कळशी ॲक्रिलिकची असते. बोलताना तिला कोणी वेगळे नाव देत नाही. बाळासाठी घेताना ती गालावर किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला घासून पाहावी. तिथे टोचली नाही तर बाळालाही टोचणार नाही. मोज्यांच्या एका जोडीला २५ ग्रॅमचा एक गोळा पुरतो. लांब केसाळ, फुलून येणारी लोकर दुकानात कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नये, कारण तिचे तंतू सुटून बाळाच्या नाकातोंडात जातात.

मोसमाचाही विचार करावा लागतो. सोलापुरात लोकरीच्या मोज्यांचे दिवस थोडेच, साधारण मार्गशीर्षापासून संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेनंतरच्या काही दिवसांपर्यंत. पहाटे तेव्हा खरा गारवा असतो. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत जन्मणाऱ्या बाळासाठी सुती दोऱ्याचे मोजे विणावेत. सुती दोऱ्याला लोकरीसारखी लवचीक ओढ नसते, म्हणून सुई एक नंबर बारीक घ्यावी आणि घोट्याची पट्टी एक सुलट-एक उलट अशी घट्ट ठेवावी. तेही फक्त बाहेर नेताना किंवा पंख्याखाली घालायचे. तान्ह्या बाळाचे हातपाय एरवीही थोडे गार लागतात, त्यावरून थंडीचा अंदाज करू नये. छाती किंवा मानेमागचा भाग हाताने पाहावा आणि तिथे घाम असेल तर मोजे काढावेत.

सुयांच्या नंबरात नवशिक्या हमखास चुकतात. आपल्याकडे अजून जुनी ब्रिटिश मोजणी चालते आणि तिच्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड, १० नंबरची सव्वातीन, १२ नंबरची पावणेतीन. मोज्यांना १० किंवा ११ नंबर योग्य.

खरी अडचण मापाची. मोजे विणले जातात तेव्हा पाय समोर नसतो. बऱ्याच घरांत बाळ जन्मण्याआधी नवे काही आणत नाहीत. मग जन्मापासून बारशापर्यंतच्या बारा दिवसांत काम उरकायचे असते, बाळ दुसऱ्या गावी असते आणि विणणारी आत्या किंवा आजी सोलापुरात. आधीपासून विणले तरी माप अंदाजानेच. नवजात बाळाचे पाऊल साधारण साडेसात-आठ सेंटीमीटर असते आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत झपाट्याने वाढते. म्हणून मोज्याची रचनाच न पाहिलेल्या पायासाठी केलेली असते: वरची पट्टी ताणणारी, घोट्याला बांधायला दोरी, आणि तळवा अशा विणीचा की तो ताणेल.

सुरुवात ३६ टाके घालून होते. टाके सैल घालावेत, नाहीतर वरची कड ताणत नाही आणि बाळाच्या पोटरीवर वळ उठतो. पहिल्या १४ सुया, म्हणजे ओळी, दोन सुलट-दोन उलट. ही पट्टी हातात धरली की अकॉर्डियनसारखी मिटते. मग दोरीच्या भोकांची सुई: पहिला टाका सुलट, नंतर धागा पुढे घेऊन दोनाचा एक, असे करत जाऊन शेवटचा टाका सुलट. एक टाका कमी होतो तेव्हा एक वाढतो, म्हणून टाके ३६ च राहतात. परतीची सुई पूर्ण उलट.

यानंतर पायाचा वरचा भाग. टाक्यांचे १२-१२-१२ असे तीन भाग मनात करायचे. २४ टाके विणून काम उलटायचे, १२ टाके उलट विणून पुन्हा उलटायचे. आता सुई फक्त मधल्या १२ टाक्यांवर जात-येत राहते, एक सुई सुलट, एक उलट, अशा १६ सुया. दोन्ही बाजूंचे टाके सुयांवर स्वस्थ बसून असतात आणि मधून एक चिंचोळी जीभ वाढू लागते. पहिल्यांदा विणणाऱ्याला इथे काहीतरी चुकले असे वाटते, कारण सुयांवर मोज्यासारखे काहीच दिसत नाही. तसेच पुढे जावे. १६ सुया झाल्या की धागा तोडायचा. उजवीकडचे १२ टाके सुईवर असतात, त्यांच्यापाशी धागा जोडून जिभेच्या कडेने ८ टाके उचलायचे, टोकाचे १२ विणायचे, दुसऱ्या कडेने पुन्हा ८ उचलायचे आणि राहिलेले १२ विणायचे. एकूण ५२. सुई पूर्ण झाली की ती सपाट पट्टी एकदम वाकते आणि हातात पावलाचा आकार येतो.

पुढच्या १२ सुया सगळ्या सुलट. दोन सुयांची एक उठावदार रेघ होते, म्हणून सुया न मोजता सहा रेघा मोजाव्यात. ही वीण चांगली ताणते. पाऊल वाढते तसा मोजाही काही आठवडे वाढतो तो याच सहा रेघांमुळे. तळव्यासाठी एका आड एक सुईला दोन्ही टोकांना एक-एक आणि मधोमध दोन असे ४ टाके कमी करायचे. तीनदा केले की ४० उरतात, तेव्हा टाके बंद करावेत. तळवा आणि मागची बाजू शिवली की मोजा झाला.

विणणाऱ्याची खरी पारख मोजा उलटा करून होते. आत लोंबता धागा, सुटलेला वळसा, मोकळी गाठ यांतले काहीही राहता कामा नये. बाळ पाय सतत हलवत असते. आतला मोकळा धागा बोटाभोवती गुंडाळला जाऊन आवळत जातो, बोटाचे रक्त अडते आणि बाळ नुसते रडत राहते. कारण मोज्याच्या आत आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. डॉक्टरांपर्यंत अशी बाळे येतात. म्हणून प्रत्येक टोक शिवणसुईने विणीतच चार-पाच टाके पुढे आणि दोन टाके मागे ओवावे. दोन रंगांची नक्षी केली तर आतून धाग्यांच्या जाळ्या राहतात. तान्ह्यांच्या मोज्यात ती मुळीच करू नये. दोरी आखूड असावी आणि मागच्या बाजूला एका टाक्याने पक्की शिवावी. मोत्यांची, मण्यांची, गोंड्यांची हौस दुपट्याच्या कडेलाही करू नये, मोज्याला तर नाहीच.

दुसरा मोजा त्याच दिवशी सुरू करावा. हाताची ओढ रोज सारखी नसते. आठ दिवसांनी विणलेला जोडीदार पहिल्यापेक्षा अर्ध्या बोटाने मोठा निघतो. उन्हाळ्यात दुपारी विणायला बसले तर घामाने लोकर सुईला चिकटते आणि टाके आपोआप घट्ट होतात. अशा वेळी बोटांना थोडी पावडर लावावी, किंवा सरळ रात्री जेवणे झाल्यावर बसावे.

देण्याआधी मोजे सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुवून, पंच्यात दाबून, सावलीत आडवे वाळवावेत. टांगले तर पाण्याच्या वजनाने लांबतात. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली तर वीण कायमची चपटी होते. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या कधीही ठेवू नयेत. काही बाळांना त्यांच्या वाफेने रक्ताचा त्रास होऊन कावीळ वाढते. कडुनिंबाचा वाळका पाला पुरेसा आहे.

मोजे दोन-तीन महिने पुरतात, मग टाच आत बसेनाशी होते. मोठा स्वेटर असेल तर उसवून, लडी करून, धुवून लोकर पुन्हा वापरतात. पण या मोज्यात मिळते मूठभर लोकर, तीही जिभेपाशी तुटलेली. ते कोणी उसवत नाही. जन्मलेल्या बाळाला पहिल्यांदा जुने, दुसऱ्या मुलाने वापरलेले कपडे घालायची रीत अनेक घरांत आहे. धुऊन धुऊन मऊ झालेली ही जोडी ट्रंकेतून निघते ती त्या दिवशी, घरातल्या पुढच्या बाळासाठी.