निरामिष आमिष

‘आमिष’ या शब्दाचा मूळ अर्थ मांस. म्हणून जो मांस खात नाही त्याचा आहार ‘निरामिष’. गेली वीस वर्षे हे मी दर साल नव्या वर्गाला सांगत आलो आहे, आणि दर साल मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतोच, ‘सर, मग निवडणुकीतलं आमिष कसलं?’ पण खरोखरीचे निरामिष आमिष हातात घेऊन पाहण्याचा योग यंदाच्या मे महिन्यात आला. माझ्या भाच्याने ते माझ्या तळहातावर ठेवले. सहा इंच लांब, कलिंगडाच्या सालीसारखे हिरवे, अंगात तांबडे चमकते कण, स्पर्शाला बुळबुळीत, आणि वास चक्क बडीशेपेचा!

“मामा, हे गांडूळ,” तो म्हणाला. “प्लॅस्टिकचं.”

माझी धाकटी बहीण बरीच वर्षे अमेरिकेत, टेक्सासमध्ये डॅलसजवळ प्लेनो या गावी असते. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. मेहुणे इंजिनियर, स्वभावाने मितभाषी. भाचा सोळा वर्षांचा, म्हणजे बापाशी कमीत कमी बोलण्याच्या वयातला. या दोघांना एकच व्यसन आहे: बास नावाचा मासा गळाने धरण्याचे. आणि त्यातही दोघांचे दोन पंथ! मेहुणे लाकडाच्या नाहीतर कडक प्लॅस्टिकच्या नकली माशाने मासे धरतात, चिरंजीव मऊ प्लॅस्टिकच्या गांडुळाने. जेवणाच्या टेबलावर एरवी सामसूम. पण हा विषय निघाला की भात निवून जाईपर्यंत वाद.

“दादा, तू आलास ते बरं झालं,” बहीण म्हणाली. “आता तूच काय तो निवाडा कर.”

न्यायाधीशाची माझी लायकी म्हणाल तर एवढीच, की बालपण कोकणात गेले. वहाळावर गरवायला जायचे म्हणजे बांबूची काठी, सुतळी, एक गरी आणि नारळीच्या आळ्यातून उकरलेली खरीखुरी गांडुळे, एवढीच आमची सामग्री. मासा गरीला लागला तर त्याचे नशीब, न लागला तर आमचे.

पहिल्याच शनिवारी पहाटे चारला तिघे निघालो. डॅलसच्या पूर्वेला मोटारीने दीडएक तासावर फोर्क नावाचा तलाव आहे. हा तलाव निसर्गदत्त नव्हे. १९८० मध्ये धरण बांधून तो केला. विस्तार सुमारे २७ हजार एकर. पाणी भरताना खालची पुष्कळशी झाडे तोडलीच नाहीत, त्यामुळे आजही पाण्यातून वाळक्या खोडांचे सांगाडे उभे दिसतात. पहाटेच्या अंधुक उजेडात ते दृश्य मोठे भेसूर वाटते. बासला मात्र ते नंदनवन आहे. हा मासा दबा धरून शिकार करणारा. पाठ हिरवट, कुशीवर काळसर पट्टा, आणि तोंड एवढे मोठे की जबडा डोळ्याच्याही मागे जातो. तो भक्ष्याला चावत नाही, ओढून घेतो. तोंड नि कल्ले एकदम उघडले की पाण्याबरोबर भक्ष्य आत. आणि आत आलेली वस्तू लबाडीची आहे असे वाटले, की तितक्याच झटक्यात बाहेर! साऱ्या वादाचे मूळ या एका क्षणात आहे.

मेहुण्यांनी पहिल्यांदा दोऱ्याला बांधला पाण्यावर तरंगणारा, पोकळ तोंडाचा नकली मासा. दोऱ्याला हलकेच हिसका दिला की तो ‘डुबुक्’ असा आवाज करी. आठ-दहा हिसके झाले असतील नसतील, पाणी फुटले आणि मासा लागला! कडक आमिषाची ही मौज. त्याच्या पोटाखाली तीन-तीन टोकांचे दोन गळ असतात. मासा त्यावर झडप घालतो ती भुकेने म्हणा, चिडून म्हणा, पण विचार करून नव्हे. आमिष पळत असते, त्यामुळे टोक बहुधा आपोआपच रुतते. काही नकली माशांना हनुवटीशी जिभेसारखी पट्टी असते. दोरा ओढला की तिच्यावर पाणी रेटते आणि मासा डुलत डुलत खाली जातो. पट्टी आखूड तर वरवर पोहणार, लांब तर खोल बुडी घेणार. तासाभरात अर्धा किनारा पालथा घालता येतो.

या कलेची घराणीही आहेत. अमेरिकेत मिशिगनमधल्या डोवॅजिॲक गावचे जेम्स हेडन एकदा पाण्याकाठी बसून लाकूड तासत होते, तो तुकडा सहज पाण्यात फेकला आणि बासने त्यावर उडी घेतली, असे सांगतात. पण मला भावले ते फिनलंडचे लॉरी रापाला. गरीब कोळी. त्यांनी पाहिले, की मोठा मासा सबंध थव्यातून नेमका वेडावाकडा पोहणारा एकच हेरतो. १९३६ मध्ये त्यांनी बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वर फोटोच्या जुन्या फिल्मा वितळवून लेप दिला. ऑगस्ट १९६२ मध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकात या माशावर लेख आला. अंक होता मेरिलिन मन्रोच्या मृत्यूनंतरचा. तो घरोघर गेला, आणि लॉरींकडे मागण्यांचा पूर लोटला.

ऊन वर आले तसे मेहुण्यांचे मासे बंद झाले. बास आता बुडालेल्या झाडांच्या सावलीत सरकले होते. तिथे तिहेरी गळ टाकणे म्हणजे फांदीशी लग्न लावणे! दोन नकली मासे तिथेच राहिले, आणि ते काही स्वस्त नसतात. तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, आता तू बघ.” त्याने दोऱ्यात बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे लहानसे वजन ओवले, खाली एकच गळ बांधला, गांडुळाचे डोके त्यात ओवले आणि गळाचे टोक पुन्हा गांडुळाच्याच अंगात लपवले. या जुळणीला ‘टेक्सास रिग’ म्हणतात. टोक झाकलेले असल्यामुळे ती खोडांमधून, वेलींमधून सापासारखी निघून येते.

मग काय करायचे? काही नाही! गांडूळ तळाशी जाऊ द्यायचे, काठीचे टोक जरा उचलायचे, पुन्हा थांबायचे. मऊ वस्तू तोंडात गेली की मासा ती क्षणभर अधिक ठेवतो. त्या क्षणात दोऱ्याला ‘टक’ असे जाणवते, किंवा दोरा उगीचच बाजूला सरकू लागतो. आता मात्र जोराने हिसका द्यायचा, कारण टोक गांडूळ फोडून बाहेर यायचे असते. पहिले दोन ‘टक’ मी नुसते ऐकले. तिसऱ्याला हिसका दिला आणि काठी वाकली. सतरा इंचांचा बास! कोकणच्या माणसाच्या डोळ्यांपुढे लगेच कालवण उभे राहिले. पण या तलावात सोळा ते चोवीस इंचांमधला बास परत सोडावा असा नियम आहे. भाच्याने पट्टीवर मोजला आणि सोडून दिला. मी बराच वेळ पाण्याकडे बघत होतो.

हे गांडूळ १९४९ मध्ये ओहायोतल्या ॲक्रन गावी निक क्रीम नावाच्या कारागिराने घरच्या घरी शिजवून साच्यात ओतले. पुढे त्यांचा कारखाना टेक्सासात टायलर गावी आला, आणि ते गाव या तलावापासून फार लांब नाही. आता त्याच्या रंगांची यादी म्हणजे मंडईचा फेरफटका: कलिंगड, हिरवा भोपळा, आलुबुखार! एकदोन मासे लागले की ते फाटते. फाटलेली गांडुळे पाण्यात टाकू नयेत; ती माशांच्या पोटात जातात. मेन राज्यात २०१३ मध्ये अशा आमिषांवर बंदी घालण्याचे विधेयक आले होते. बंदी झाली नाही, पण भाचा फाटलेले तुकडे निमूट खिशात घालतो. त्याच्या आईला ते कपडे धुताना सापडतात, हा वेगळा वाद.

त्या रात्री टेबलावर खटला उभा राहिला. मेहुण्यांनी मोठा दाखला काढला: १९३२ साली जॉर्ज पेरी यांनी जॉर्जियात २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे दहा किलोंचा, जागतिक विक्रमी बास धरला तो कडक आमिषानेच.

“बाबा, एकोणीसशे बत्तीसमध्ये प्लॅस्टिकचं गांडूळ होतंच कुठे?” चिरंजीवांनी उलटतपासणी घेतली. मग त्यानेच शोधून सांगितले, की २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांनी त्या विक्रमाची बरोबरी केली ती जिवंत मासा लावून. आणि आमच्या फोर्क तलावातला १८.१८ पौंडांचा टेक्सासचा विक्रम, १९९२ चा, तोही जिवंत माशावरच! दोन्ही पक्षांचे वकील गप्प.

मी निवाडा दिला. मासा कुठे आहे हे ठाऊक नसेल, पाणी अंधुक असेल, वारा सुटला असेल, तर कडक आमिषाने शोधावे. जागा सापडली पण मासा रुसला आहे, ऊन कडक आहे, पाण्यात लाकूडफाटा आहे, तर गांडुळाने मनधरणी करावी. नवशिक्याच्या खिशात एकाचेच पैसे असतील तर गांडूळ घ्यावे. हरवले तरी जीव तुटत नाही.

“पण थंडीत कडक मासासुद्धा पाण्यात नुसता थांबवून ठेवता येतो,” मेहुणे म्हणाले. तेही खरेच. निकालपत्रात तेवढी दुरुस्ती केली.

मात्र या न्यायाधीशाच्या हातून त्याच दिवशी एक गुन्हा घडला होता. मेहुण्यांच्या डब्यात एका कप्प्यात एकच मासा असतो: लाकडी, पांढऱ्या अंगाचा, लाल डोक्याचा. मेहुणे एकटेच या देशात आले तेव्हा शेजारी एक वृद्ध विधुर गृहस्थ होते. त्यांनीच यांना पहिल्यांदा तलावावर नेले. जाण्यापूर्वी त्यांनी हा मासा यांच्या हातात ठेवला. फांदीत अडकून तुटला तर, या भीतीने तो तेव्हापासून पाण्यात पडलेला नाही. परतताना मी मास्तरी वृत्तीने डबा आवरला, आणि सुटी राहिलेली तीन गांडुळे त्याच कप्प्यात ठेवली. दोन्ही पंथ एकत्र नांदोत, असा विनोदही मनात केला. डबा आठवडाभर मोटारीच्या डिकीत, टेक्सासच्या उन्हात!

पुढच्या शनिवारी तलावाकाठी डबा उघडला तो गांडुळांचा चिकट लगदा झाला होता, आणि लाकडी माशाचा रंग फोड येऊन त्यालाच चिकटून निघाला होता. कप्प्याचा तळसुद्धा खरबरीत झाला होता. भाच्याने हलक्या आवाजात मला समजावले: मऊ प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य घालतात; ते पाझरते आणि कडक प्लॅस्टिकला, रंगाला विरघळवते. म्हणून गांडुळे नेहमी त्यांच्याच पिशवीत ठेवायची. हे इथे पोराटोरांना माहीत असते.

“माझं चुकलं,” मी म्हणालो.

“दादा, तुम्हाला कुठून ठाऊक असणार,” मेहुणे म्हणाले. इतक्या सौजन्याने, की ते ओरडले असते तर बरे वाटले असते. त्यांनी अंगठ्याने माशाचे डोके पुसले. मग थोडा वेळ तो हातात धरून बसले, आणि दोऱ्याला बांधू लागले.

“बाबा, तो?” भाचा म्हणाला.

“रंग गेलाच आहे आता.”

लाकडी मासा दोन खोडांच्या मधे पडला. मेहुण्यांनी दोरा ओढला तसा तो डुलत, पाणी कापत निघाला. रंग गेल्याचे त्याच्या चालीत काही दिसले नाही. चौथ्या की पाचव्या वेळी त्याच्यामागे पाण्याला मोठा फुगवटा आला, शेपटीचा फटका बसला, आणि काही न लागता पाणी पुन्हा शांत झाले. मेहुणे मोठ्याने हसले. ऊन चढेपर्यंत त्यांनी दुसरे काही बांधले नाही. मासा एकही मिळाला नाही. भाच्याला गांडुळावर दोन मिळाले, पण त्याने त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. बापाने आमिष कुठे टाकले की चांगले, तेवढे मात्र तो सांगत होता.

परतताना त्याने गांडुळांची पिशवी घट्ट मिटून माझ्या मांडीवर ठेवली.

“मामा, ही तू धर. डब्यापासून लांब.”