काम नसलेल्या माणसाचा घाट

रस्ता म्हणजे केवळ पोहोचण्याचं साधन, असं मानणाऱ्यांसाठी सरकार बोगदे खणतंच आहे. पण गाडी चालवण्यातच ज्यांना आनंद वाटतो आणि रविवारी ज्यांना कुठेच वेळेवर पोहोचायचं नाही, त्यांच्याशी मला थोडं बोलायचं आहे.

बँकेच्या नोकरीत माझ्या बदल्या कधी कोकणात, कधी घाटावर होत राहिल्या. तेव्हा घाट म्हणजे पुढच्या ट्रकचा धूर आणि मागच्या सीटवर मळमळणारी मुलं. त्याच घाटांची गोडी निवृत्तीनंतर लागली. आता मला घाई नाही; आणि ज्यांना घाई आहे, ते दुसऱ्या वाटेने जाऊ लागले आहेत.

पोलादपूर आणि खेडमधला कशेडी घाटच घ्या. २०२३ च्या गणपतीत तिथला बोगदा एका बाजूने खुला झाला आणि अर्ध्या-पाऊण तासाची घाटवाट काही मिनिटांवर आली. वरचा जुना रस्ता निवांत झाला. म्हणून माझी पहिली युक्ती अशी, की जिथे बोगदा झाला, तिथला जुना घाट गाठावा. दुसरी युक्ती नकाशाची. फोन सांगतो ती सर्वांत जलद वाट सोडून द्यावी आणि शेवयांच्या गुंत्यासारखी दिसणारी रेघ शोधावी.

पोलादपूरहूनच अशी एक रेघ महाबळेश्वरला जाते, ती आंबेनळी घाटाची. पायथा जवळजवळ समुद्रसपाटीला, माथा सुमारे १,३५० मीटरवर. सह्याद्रीचा कडा सरळ चढता येत नाही, म्हणून रस्ता चाळीसेक किलोमीटर वळत वळत जातो. उंचीचं हे कर्ज तो हप्त्याहप्त्याने फेडतो, असं माझ्यातला जुना बँकवाला म्हणतो. दरी कधी डावीकडे, कधी उजवीकडे. आणि पुढे प्रतापगड.

पण याच घाटात जुलै २०१८ मध्ये सहलीला निघालेली एक बस दरीत कोसळली. वाचला एकच जण. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हाच रस्ता ठिकठिकाणी खचला. भोर-महाडचा वरंध घाटही पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवावा लागतो. तेव्हा हिरवाईचा मोह आवरावा आणि दसरा उलटल्यावर निघावं. ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरावं; गाडी न्यूट्रलमध्ये कधीच सोडू नये. सतत दाबून धरलेला ब्रेक तापतो आणि ऐन वळणावर दगा देतो. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. तसा नियमच आहे.

रस्ता मोकळा झाला, की शर्यतीची हौस असलेलेही तिथे येतात. त्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं, की वळणापलीकडून येणाऱ्या एसटीत कुणी बाजाराला निघालंय, कुणी दवाखान्यात. आपली मौज त्यांच्या रोजच्या वाटेवर चालली आहे.

आणि घाटात चहाची टपरी दिसली, तर जरूर थांबा. बोगद्याने आपल्याला निवांत रस्ता दिला, पण टपरीवाल्याची गिऱ्हाइकं नेली. दोन चहा जास्तच घ्या. मागच्या सीटवरच्या मंडळींनाही तेवढंच बरं वाटेल.